आकाशपाळण्याची पाहणी

कर्रर्र करून पाळण्याची कडी वाजली आणि दुपारची सगळी शांतता मोडली. बाळ नुकतं कुठे झोपलं होतं. मी दोरी सोडून सुईदोरा हातात घेतला होता. त्या कडीला तेल घाला म्हणून ह्यांना दिवाळीच्या आधीपासून सांगत होते. हे म्हणाले होते, "बघतो." आमच्या चाळीत पुरुषमाणूस "बघतो" म्हणाला की तो खरोखरच नुसतं बघतो.

"आई," चटईवर डोळे मिटून पडलेली चंपा म्हणाली, "आकाशपाळण्याला पण कडी असते?"

"झोप बघू."

"वाजते का गं ती?"

"वाजते. ह्याच्यापेक्षा मोठी वाजते. आणि वर गेलं ना, की पोटात असा गोळा येतो. डोळे फिरतात. खाल्लेलं सगळं बाहेर."

चंपाने फ्रॉकवरून पोटावर हात ठेवला आणि गोळा आत्ताच आलाय का ते चाचपून पाहिलं. जे आपल्याला देता येत नाही ते वाईट असतं, असं लेकरांना सांगणं फार सोपं जातं. मीही कधी आकाशपाळण्यात बसले नव्हते, पण गोळ्याचं वर्णन मात्र फर्मास करत होते.

मुलुंड स्टेशनाच्या मागच्या मैदानात फनफेअर लागून महिना होत आला होता. संध्याकाळ झाली की चंपा बादली पालथी घालून गॅलरीत उभी राहायची. तिथून आकाशपाळण्याचा फक्त वरचा अर्धा भाग दिसायचा. दिव्यांची माळ समोरच्या घरांच्या कौलांमागून वर यायची, क्षणभर थांबायची आणि पुन्हा कौलांमागे बुडायची. चंपा प्रत्येक वेळी तिला हात करायची. "वरून आपली गॅलरी दिसत असेल ना? मग वरची माणसं मला बघत असतील," असं तिचं म्हणणं. तिला एकदा त्या वरच्या माणसांतलं व्हायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

पण अजून पाहणी पुरी झाली नव्हती.

आमच्या चाळीची ती रीतच होती. कोकणातून येताना ट्रंकेत कोणी आणली की इथेच उगवली, देव जाणे. बायकामुलांनी काही नवीन बघायचं, तर आधी पुरुषांनी ते बघून यायचं. सिनेमा असो, दाताचा डॉक्टर असो, नाहीतर नाक्यावर उघडलेलं आइस्क्रीमचं दुकान असो. त्याला म्हणायचं पाहणी. पाहणीचे पुढारी राजारामभाऊ. भांडुपच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते आणि घरी आल्यावरही कोण किती वाजता कुठे गेलं ह्यावर त्यांचं बारीक लक्ष असे. आमचे हे, श्यामकांत, त्यांचे उजवे हात.

त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरून परतसुद्धा आला होता. आमच्या चाळीतल्या बायकांना मैदानापर्यंत जायचं होतं.

रोज जेवणं लवकर आटोपून पाहणी निघायची. टेरिलीनचे शर्ट, मानेला पावडर, केसांना तेल. इतकं नटून तर ही मंडळी लग्नाच्या पंगतीलाही बसली नसतील. मी एकदा विचारलं, "अजून काय राहिलंय हो बघायचं?"

"तुला वाटतं तितकं सोपं नसतं ते," हे भांग पाडत म्हणाले. "प्रत्येक खेळ नीट पारखायला लागतो. मुलाबाळांचा प्रश्न आहे."

मी गप्प बसले. मला बघायला आले होते तेव्हा ह्यांची पाहणी चहा निवायच्या आत संपली होती.

राजारामभाऊंची बायको जानकीवहिनी शेजारच्याच खोलीत. ती माझ्यासारखी गप्प बसणारी नव्हे. दाराशी सूप घेऊन बसली होती, तिथूनच म्हणाली, "नलू, माका बघूक इलो तेव्हा ह्यो मान वर करूक नाय. आणि आता पाळण्याक पारखता! माझ्यापेक्षा पाळण्याचा नशीब बरा गो."

आणखी एक गोष्ट त्या महिन्यात चाळीत वाढीला लागली होती. रुमाल हरवायला लागले होते. आमच्याकडे बायका नवऱ्याच्या रुमालाच्या कोपऱ्यात त्याच्या नावाचं अक्षर भरायच्या. मी ह्यांचा 'श्या' निळ्या रेशमाने भरायचे. एक हरवला, मग दुसरा. "ऑफिसात कोणी उचलतं वाटतं," हे म्हणाले. मी बापडी बाळ झोपलं की पुन्हा नवा भरायला बसायचे, आणि चोराला लाज वाटावी म्हणून दर वेळी एखादं फूल जास्त घालायचे. त्या दुपारी पाळण्याची कडी वाजली तेव्हा हातात तोच उद्योग होता.

फेअर रविवारी उठणार म्हणून अखेर शनिवारी निकाल लागला. राजारामभाऊ गॅलरीतल्या बाकड्यावर बसले. आम्ही बायका आपापल्या दारात.

"बायकामुलांनी अवश्य बघावं असं," राजारामभाऊंनी घसा साफ केला, "पहिलं म्हणजे सकस आहाराचा स्टॉल. मोड आलेल्या कडधान्यांची फार सुंदर माहिती दिली आहे."

"मोड आमच्याच फडक्यात येतत," जानकीवहिनी म्हणाली. "ते बघूक त्या मैदानात जाऊचा?"

"दुसरं, मुलांची आगगाडी. तिसरं, आरसेमहाल. चौथं, जादूचे प्रयोग. त्यात एका बाईला करवतीने कापतात, तेवढ्या वेळात डोळे मिटून घ्यावेत."

"आणि आकाशपाळणा?" मी विचारलं. आवाज मला हवा होता तितका सहज निघाला नाही. चंपा माझ्या निऱ्या धरून उभी होती.

राजारामभाऊंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "नको. वर वारा असतो. पदर उडतो. आणि पोटात गोळा येतो."

म्हणजे तो गोळा ह्यांचाच होता. मी नुसता उसना घेतला होता.

"आणि ती मौत का कुआ म्हणतात ती विहीर?" जानकीवहिनीने विचारलं. लाकडी फळ्यांची मोठी गोल विहीर, आतल्या उभ्या भिंतीवरून मोटरसायकल गरगर फिरते आणि लोक वरच्या कठड्यावरून वाकून बघतात, एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं.

"छे छे!" सगळी पाहणी एकदम म्हणाली. "धूर. आवाज. वातावरण चांगलं नाही. बायकांनी बघण्यासारखं तर मुळीच नाही."

इतकं एकमत त्यांचं नळाच्या पाण्यावरही कधी झालं नव्हतं.

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पुढे छत्री काखेत मारलेले राजारामभाऊ, मागे आम्ही. आहाराच्या स्टॉलवर एका मुलीने आम्हाला मटकी दाखवली आणि चंपाला चमचाभर खायलाही दिली. आम्ही मटकीला ओळखलं, तिनेही बहुधा आम्हाला ओळखलं असावं. आगगाडीने एका झुडपाला फेऱ्या मारल्या. चंपा डब्यात शहाण्यासारखी बसली, पण मान पूर्ण वेळ मागे वळवून. कारण मागे आकाशपाळणा होता. आरसेमहालात एका आरशात राजारामभाऊ चंपाएवढे झाले आणि जानकीवहिनी छताला टेकली. आम्ही पदर तोंडात धरून हसलो. "हा आरसा पाहणीच्या वेळी इथे नव्हता," राजारामभाऊ म्हणाले आणि आम्हाला बाहेर काढलं.

जादूचा तंबू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायची वाट विहिरीवरून. पाहणीने तिथे पावलं का उचलली आणि माना का खाली घातल्या ते मला कळेना. तेवढ्यात विहिरीच्या दाराशी स्टुलावर बसून बशीत चहा ओतणारी एक तरुण बाई उठून उभी राहिली. अंगात पॅन्ट, ग्रीसचे डाग पडलेला शर्ट, गळ्यात बारीक क्रॉस.

"अरे श्यामभाऊ! आज दिवसाढवळ्या?" ती मोठ्याने म्हणाली. "राजारामशेट, कठड्याची तुमची रोजची जागा ठेवू ना? आज शेवटचा दिस हाय. नंतर एथेलला विसरू नका हां."

राजारामभाऊंना छत्री उघडायची एकाएकी घाई झाली. आभाळ निरभ्र होतं.

एथेल चंपापुढे वाकली. "आन ही कोन? तू नाय येत वर, माझी गाडी बघायला?"

चंपाने पाठ केलेलं सांगितलं, "ते बायकांनी बघण्यासारखं नाहीये."

"बायकांनी बघन्यासारखं नाय?" एथेल कमरेवर हात ठेवून हसली. "मग गाडी काय माझा काका चालवतो?"

मग जानकीवहिनीने कडेवरचा नातू राजारामभाऊंच्या हातात दिला, उघड्या छत्रीखालीच. "धरा. धूर आसता, पोराक सोसूचो नाय." आणि ती लाकडी जिना चढायला लागली. मी बाळ ह्यांच्याकडे दिलं. तिच्या मागून मी आणि चंपा, आमच्या मागून बाकीच्या. खाली उरली पाहणी, एकेक पोर काखेला घेऊन.

विहीर हादरायला लागली. फळ्या थडथडल्या. एथेल तळाशी दोन गोल फिरली आणि भिंतीवर चढली, जशी पाल चढते तशी, मग आडवी होऊन वर, आणखी वर, आमच्या पायांजवळ. तिने दोन्ही हात सोडले. तिच्या चेहऱ्यावर, आपण भाकरी थापताना असतो ना, तसा भाव होता. अगदी कामातला. आणि तिच्या गाडीच्या हँडलला दोन्ही बाजूंनी रुमाल बांधलेले होते. पताकांसारखे फडफडत होते. कठड्यावरून माणसं हात लांब करून रुमाल धरत होती आणि ती वर येऊन ते अल्लद खेचून नेत होती.

दुसऱ्या फेरीला मला 'श्या' दिसला. निळं रेशीम, एक फूल. त्याच्या खाली दुसरा, जास्त फुलांचा. चोराला लाज वाटावी म्हणून भरलेला.

"नलू," जानकीवहिनी माझ्या कानात ओरडली, "तो तांबडो 'रा' माझो मा गो?"

कठड्यावरून एकेक बाई आपापला टाका ओळखत होती. महिनाभर दुपारच्या झोपा मोडून आम्ही त्या मोटरसायकलीचा शृंगार भरत होतो. मला राग यायला हवा होता. आलाही. पण एथेलवर नाही. उलट मनात आलं, आणखी जरा नीट भरायला हवं होतं.

खाली आलो तेव्हा पाहणी ओळीने उभी होती. राजारामभाऊंच्या कपाळावर घाम होता आणि पुसायला काही नव्हतं. ते बाहीने पुसत होते. जानकीवहिनी एवढंच म्हणाली, "रुमाल बरे शोभतत हो थंयसर."

हे बाळाला उगाच थोपटत होते. बाळ रडतही नव्हतं. "अगं, ते... सगळेच देत होते, म्हणून..."

"आकाशपाळणा," मी म्हणाले.

"पण वर वारा..."

"बाळाला धरा. मान सांभाळून."

मी चंपाचा हात धरून चालायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या पुढे चालत होते. जानकीवहिनी मागून ओरडली, "जा गो बाये, वर जाऊन माझ्या वाटणीचा पण बघ!"

पाळण्याजवळ पोचलो आणि चंपा थांबली. मान वर करून तिने तो सगळा पाहिला, खालपासून वरपर्यंत. कौलांमागचा अर्धा भाग तिने कधी पाहिलाच नव्हता. तिचा हात माझ्या हातात गार पडला.

"मला नाही बसायचं."

"अगं, महिनाभर तर..."

"पोटात गोळा येतो. डोळे फिरतात." तिने माझ्या निऱ्या घट्ट धरल्या. "खाल्लेलं सगळं बाहेर येतं. मी मटकी खाल्लीये, आई."

पाळणेवाला दांडा उघडून उभा. मागे रांग. संध्याकाळी हे सगळं खिळेमोळे काढून ट्रकात भरलं जाणार. आणि आता वाटेत ना राजारामभाऊ होते, ना हे. वाटेत होता माझाच गोळा, मी रोज दुपारी थोपटून थोपटून तिच्या पोटात ठेवलेला.

मी खाली बसले. "चंपू, तू डोळे मीट. माझ्या पदरात तोंड घाल. वर काय दिसतं ते मी सांगते. नाही आवडलं तर नको उघडू."

तिने पुष्कळ वेळ विचार केला. मग माझ्या कमरेला मिठी मारून पाळण्यात शिरली. दांडा खटकन बसला. जमीन मागे सरकली आणि माझ्या पोटातून काहीतरी हलकेच वर आलं. गोळा नव्हता तो. लहानपणी वडाच्या पारंबीला लोंबकळून सोडून दिल्यावर यायचं, तेच. मी हसले असेन, कारण चंपाने पदराआडून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. वर चाललोय."

अगदी वर पोचलो आणि खाली माणसं चढावीत म्हणून पाळणा थांबला. डोक्यावरची कडी कर्रर्र वाजली, घरच्यासारखीच. पूर्वेला मिठागरं पांढरीशुभ्र पसरली होती, त्यांच्यापलीकडे खाडी उन्हात चकाकत होती. मागे डोंगर. कारखान्यांची धुराडी बोटाएवढी. पदर उडत होता आणि तो धरायला मला हात मोकळा नव्हता.

"आपली चाळ दिसतेय," मी म्हणाले. "गॅलरीत बाळाचे लंगोट वाळतायत."

एक डोळा उघडला. मग दुसरा. चंपा माझ्या मांडीवरून हळूहळू सरळ झाली, दांडा पकडून पुढे वाकली. "माझी बादली! आई, माझी बादली दिसतेय!" रिकाम्या गॅलरीकडे बघून तिने हात केला. बराच वेळ करत राहिली. खाली, मुंग्यांएवढ्या माणसांत, एक माणूस बाळाला घेऊन वर बघत होता.

मग तिने पोटावर हात ठेवून चाचपून पाहिलं, त्या दुपारी पाहिलं होतं तसंच. कपाळाला आठी घातली. विहिरीकडून पुन्हा मोटरसायकलीचा आवाज यायला लागला होता. चंपाने त्या दिशेला पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "त्या मोटरसायकलवाल्या मावशीला, तिच्या आईने पोटात गोळा येतो म्हणून सांगितलं नव्हतं का गं?"