पेढ्यांची पिशवी

वत्सलाबाईंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला आणि मला वाटलं, सत्यनारायण असेल. बरंच झालं म्हटलं. पूजेच्या दिवशी कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

काम साधंच होतं. गंगापूर रोडला मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टरची जागा निघाली होती. बारमाही पगार, राहायला खोली. आजवर द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाउसला पेट्या भरायच्या आणि हंगाम संपला की घरी ब्लाउज शिवायचे, असं चाललेलं. पॅकहाउसमधल्या शीतगृहाच्या गारठ्याने माझे गुडघे माझ्याआधीच म्हातारे झालेत. वसतिगृहाच्या शेवाळे मॅडम म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे हो संजनाताई, पण मुलींचा प्रश्न आहे. तुम्हाला चांगलं ओळखणारं कोणी वजनदार माणूस सांगा. आम्ही फोन करू."

मी लगेच बाईंचा नंबर देऊन टाकला. निवृत्त मुख्याध्यापिका. पोरं पदरात असताना मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून दहावीला बसवलं, ते त्यांनीच. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं. असलं काम फोनवर विचारू नये, म्हणून आज आले. मधली कैक वर्षं फिरकले नव्हते. रिकाम्या हाताने तोंड कसं दाखवायचं, म्हणून वाटेत पेढे घेतले.

आत गेले तर सतरंजीवर बायका बसलेल्या. कोपऱ्यात दिवा. त्यामागे सरांचा, बाईंच्या यजमानांचा, फोटो. हार घातलेला.

मी पिशवी पाठीमागे घेऊ लागले. तोवर बाईंची सून हर्षाली पुढे आली आणि हातातली पिशवी घेत हळूच म्हणाली, "पिठलं-भाकरी का ताई? कशाला त्रास घेतलात, शेजारचे आणतात रोज." मी काही बोलायच्या आत पेढे स्वयंपाकघरात पोचले.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून सावरल्या. "संजना? तुला कोणी सांगितलं गं?"

"कळलं," मी म्हणाले.

लगेच खरं सांगता आलं असतं. पण त्यांनी माझा हात धरला होता.

"बघा," त्या बायकांना म्हणाल्या, "सरांनी ज्यांना नोकऱ्या लावून दिल्या ते अजून उगवले नाहीत. आणि ही सातपूरहून उठून आली. याला म्हणतात माणूस."

एकीने सरकून मला जागा दिली. जे मागायला आले होते ते न मागता, भर बैठकीत मिळालं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. स्वयंपाकघरात खोक्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. हर्षाली दारात येऊन उभी राहिली, नुसती बघत. बोलली असती तर परवडलं असतं.

विचारायचं नाही, मी ठरवलं. नोकरी गेली तर गेली. गुपचूप बसायचं आणि उठून जायचं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. चष्मा सापडेना, म्हणून हर्षालीने स्पीकर लावून हातात दिला.

"नमस्कार, मुलींच्या वसतिगृहातून शेवाळे बोलतेय. संजना आहिरे यांनी तुमचा नंबर दिलाय, रेक्टरच्या नोकरीसाठी. म्हणाल्या, बाई माझ्याबद्दल सांगतील."

मला जागा देणारी बाई होती तिथे परत सरकली.

"पिशवीत पेढे आहेत, आई," हर्षाली म्हणाली.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," बाई म्हणाल्या. नजर माझ्यावरच. "ती माझ्यासमोरच बसलीय. आमचे यजमान वारले गेल्या आठवड्यात."

"अरेरे! सॉरी हं, मी नंतर करते—"

"विचारलंत तर ऐका. भित्री आहे. कामाशिवाय कोणाकडे जात नाही. खोटं बोलते, पण तिला ते जमत नाही, लगेच चेहऱ्यावर उमटतं. आल्यापासून बघतेय मी. परीक्षेत मागच्या बाकावरून चिठ्ठी आली, तर घाबरून हिने ती सुपरवायझरच्याच हातात दिली होती. पोरी हिच्या भरवशावर ठेवायला हरकत नाही."

फोन ठेवला.

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं. मी कामासाठीच आले होते."

"कळलं," बाई म्हणाल्या, थेट माझ्याच सुरात. मग फोटोकडे बघत, "तुझी भूमिती सर तपासायचे, ठाऊक आहे? मी नाही. म्हणायचे, हिचं वर्तुळ नेहमी भाकरीसारखं येतं."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. सरांसाठी की स्वतःसाठी, ते विचारू नका.

निघताना हर्षालीने पिशवी परत हातात दिली. सुतकात भेटायला आलेल्याने 'येते' म्हणायचं नसतं, मुकाट्याने उठायचं असतं. पण उंबऱ्याशी, सवयीने, तोंडातून गेलंच, "येते बाई." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"ये की," आतून बाईंचा आवाज आला. "काम नसेल तेव्हा ये."