देठापाशी हिरवं राहिलेलं लिंबू

आमच्या आईची नजर काय चीज आहे, ते मला साहेबांमुळे कळलं. साहेब म्हणजे बाबांचा लाडका गोल्डफिश. नारिंगी, पोट सुटलेला, टाकीभर नुसता मिरवणारा. बाबा कामासाठी बाहेरगावी गेले, तेव्हा त्यांना खूश करायला आईने टाकीच्या फिल्टरमधला स्पंज साबण लावून असा घासला, की नवाकोरा दिसायला लागला. आई शिवणकाम करते. मळकं काही तिला बघवतच नाही.

मग एके दिवशी साहेब पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले. मी ताबडतोब बाबांची तपासणीची पेटी उघडली. अमोनिया बघायला मला येतं! नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटल्यांमधले थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. पिवळं झालं तर ठीक, हिरवट झालं तर पाण्यात विष.

"पिवळं!" मी जाहीर केलं.

"दिव्याखाली काय बघतेस? आण इकडे." आईने नळी खिडकीत नेली, पांढऱ्या अस्तरासमोर धरली आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला दोरा जुळवताना करते तसे डोळे बारीक केले. "यात हिरवा शिरलाय."

मी बाबांना स्पीकरवर फोन लावला. वाटलं, आई आता काहीतरी गोलमाल बोलेल. छे! पहिलंच वाक्य, "अहो, तुमचा स्पंज मी साबणाने धुतला. साहेब तडफडतायत."

बाबा म्हणाले, "अगं, माशांची घाण पचवणारे जंतू त्या मळातच राहतात. रंग कसा आलाय?"

"लिंबाच्या सालीसारखा. देठापाशी जरा हिरवी राहते ना, तिथला."

"कळलं. अर्धं पाणी बदल, क्लोरीन घालवायचे थेंब टाकून. खायला काही देऊ नका. आणि शेजारच्या काकूंकडून त्यांच्या टाकीतला मळका स्पंज माग."

आई तडक गेली. "काकू, तुमचा सगळ्यात घाण स्पंज द्या."

"माझ्याकडे घाण काही नसतं हं!"

"शोधा ना, असेल कुठेतरी!"

ज्या कात्रीने मला कागदसुद्धा कापू देत नाही, त्याच कात्रीने तिने तो तपकिरी, ठिबकणारा स्पंज कापला आणि आमच्या फिल्टरमध्ये बसवला. नाकसुद्धा मुरडलं नाही!

मग रोज पाणी बदलणं आणि खिडकीतली नळी. मला केव्हाच पिवळं दिसायला लागलं होतं. आई म्हणायची, "अजून नाही." साहेब उपाशी डोळ्यांनी आमच्याकडे बघायचे, पण आता तळाशी जाऊन खडे उकरायला लागले होते.

बाबा आले तेव्हा आई खिडकीतच होती. "आता पिवळं," ती म्हणाली.

खांद्यावरची बॅगही न उतरवता बाबांनी रंग जुळवायचं कार्ड उचललं. आईकडे बघितलं. मग कार्ड तसंच पेटीत टाकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घाल गं साहेबांना खायला."