जागेच्या मालकाची सही

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई लई शूरपणाचा आव आणते. पालीला भिते, पोलिसाला भिते, आणि काकासाहेबांना तर इतकी भिते की त्यांच्या बुलेटचा आवाज लांबून आला तरी पोटात गोळा येतो. आणि नेमकी त्यांचीच सही मला पाहिजे होती.

साल चौऱ्याण्णव, जानेवारी. बी.एस्सी. होऊन मी उस्मानपुऱ्यात राजाबाई आत्याकडं राहत होते. दोन विद्यापीठांनी मिळून पर्यावरणाचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला होता. एक वर्ष आपल्या इथं, एक वर्ष पुण्याला, आणि पदवीवर दोन्हींचे शिक्के. जागा फक्त बारा. अर्जासोबत आपल्या भागातल्या एका जागेचा अभ्यास लिहून जोडायचा, आणि शेवटच्या पानावर चौकट होती : ‘जागेच्या मालकाची सही’. शेवटची तारीख सतरा. ती चुकली की माझं शिक्षण संपलं, कारण पुढच्या वर्षापर्यंत लग्नाला थांबायला, मला बघून गेलेले पाचोडचे पाहुणे काही तयार नव्हते.

मी जागा निवडली होती गट नंबर सत्तेचाळीस, काकासाहेबांची जुनी खदान. बजाजनगरच्या पलीकडं आठ-नऊ वर्षांत कारखानेच कारखाने उभे राहिले, त्यातल्या एकाचे टँकर या खदानीत येऊन रिकामे व्हायचे. पिवळं पाणी खदानीत, तिथून झिरपून नाल्यात. आता तुम्ही म्हणाल, बये, दुसरी जागा मिळाली नाही का तुला? मिळाली असती की. पण दिवाळीला मी घरी गेले होते, तेव्हा त्या नाल्यावर आमची एकोणीस मेंढरं मेली, आणि ती माझ्या हातून मेली.

आम्ही मेंढरांची माणसं. हिवाळाभर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा आणि आमचा तळ, काकासाहेबांच्या रानात असतो. मेंढरं रात्री त्यांच्या शेतात बसतात, लेंड्या-मूत शेताला खत, आणि बदल्यात आम्हाला ज्वारी आणि टेकायला जागा. माझ्या वडलांचा, मल्हारी आबांचा, एक नेम आहे. कळप पाण्यावर आला की आधी आपण ओंजळ भरायची, नाकाला लावायची, मगच मेंढराला तोंड घालू द्यायचं. कालचं पाणी असलं तरी आज पुन्हा. त्या दिवशी आबा पाचोडच्या बाजाराला गेले होते. कळपामागं मी, आणि माझ्या हातात पाण्याच्या रसायनशास्त्राचं पुस्तक! मी वाचत बसले आणि ओंजळ नाकाला लावायची राहून गेली. दिवस मावळेपर्यंत एकोणीस आडवी झाली. आबा आले, नाल्यावर गेले, वास घेतला, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. काकासाहेबांना सांगितलं, “रोग आला, मालक.” पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?

अर्ज लिहून तयार होता, पण सहीला जायचं धाडस होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चौदा तारीख उजाडली, आणि ऐन संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली. शहरात एकीकडं गुलाल आणि एकीकडं पोलिसांच्या गाड्या. खेड्यांकडून तर नको नको ते कानावर यायला लागलं. आत्या म्हणाली, “आगं, जीव मोठा का अर्ज मोठा?” खरं सांगते, मला तेव्हा अर्जच मोठा वाटत होता, पण जिवालाही तेवढीच भीत होते.

रविवारी, सोळाला, सकाळीच निघाले. एसटी बंद, म्हणून टेम्पोत बसले. अर्ज तिळगुळाच्या डब्याखाली पिशवीत. वाळूजच्या पुढं चार-पाच पोरांनी टेम्पो अडवला. एकाच्या हातात सायकलची चेन होती.

“कुठली गं तू? कुणाची?”

कुणाची म्हणजे काय विचारतायत ते टेम्पोतल्या पोराबाळांनासुद्धा कळत होतं. “मल्हारी धनगराची,” एवढंच कसंबसं निघालं.

“जाऊ दे हिला.”

मला हायसं वाटलं. माझ्या शेजारची बाई पदर ओढून मान खाली घालून बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून थडथड उडत होता. तिच्याकडं वळायच्या आत मागून पोलिसांची गाडी आली आणि पोरं पांगली. आली नसती तर मी तोंड उघडलं असतं का? नसतं उघडलं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

वाड्यावरून आबांना सोबत घेतलं आणि काकासाहेबांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. काकासाहेब खाटेवर पेपर वाचत होते. मी तिळगूळ दिला, पाया पडले, अर्ज पुढं केला.

“कोन्तं विद्यापीठ? नाव बदललं तेच का?”

“दोन्ही मिळून हाय काका. एक इथलं, एक पुण्याचं.”

“म्हंजी निम्मंच बदललं म्हन की.” ते हसले. आबाही हसले, हसायचं असतं म्हणून. काकासाहेबांनी पानं उलटली. “समदं इंग्रजीत हाय हे. वाचून दाखव मराठीत. न वाचता सही ठोकायला मी काय अंगठाबहाद्दर नाय.”

अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : गट नंबर सत्तेचाळीसमध्ये कारखान्याचं पाणी सोडलं जातं आणि त्यानं जनावरं मरतात. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “या रानात कडुलिंबाची अकरा झाडं आहेत.” मग बाभळी वाचल्या. मग बोरी. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी, भांडं सोडून आख्खी गवळण लपवत होते. आबांना इंग्रजी येत नाही, पण माझा आवाज त्यांना येतो. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

“झाडाचंच हाय व्हय,” काकासाहेब म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात त्यांच्या घरच्या, भागूबाई, पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. मी पेला तोंडाजवळ नेला आणि थबकले. वास होता. रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा, अगदी बारीक, पण तोच. पण समोर काकासाहेब, त्यांच्या हातात पेन, पेनाचं टोपण निघालेलं. मी डोळे मिटले आणि घटाघट पाणी प्याले. शेवटच्या थेंबापर्यंत.

आबांनी पेला उचलला, नाकाला लावला, आणि खाली ठेवला.

आलेल्या घरचं पाणी आमच्यात कुणी नाकारत नाही. वैऱ्याच्या दारात गेलं तरी ओठ ओला करून ठेवतात. आणि आबांनी पोशिंद्याच्या ओट्यावर पेला भरलेलाच ठेवला.

“का रं मल्हारी? पानी का ठिवलं?”

आबांनी पेला आणखी लांब सरकवला.

“इचारतोय मी.”

“मालक, वास हाय. माझी मेंढरं याच वासानं गेली.”

“तू तर रोग म्हन्ला व्हता!”

“भ्यालो व्हतो.”

भागूबाई दारातूनच म्हणाल्या, “दोन म्हैने झाले मी कानीकपाळी वरडते, हिरीच्या पान्याला वास येतो म्हून. तर म्हने नव्या पायपाचा हाय!” आणि त्यांनी हात पुढं केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली होती.

काकासाहेबांनी त्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “खरं वाच आता.”

वाचलं. प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागली. गट नंबर आला तेव्हा ते खाटेवरून उठले. मला वाटलं, संपलं. अर्ज फाटणार, वाडा उठणार, आबांना मार बसणार. पण ते ओट्याच्या कडेला जाऊन खदानीच्या दिशेनं बघत उभे राहिले. आवाज आला तो मी कधी ऐकलेला नव्हता.

“पोरगं त्याच कारखान्यात परमनंट व्हनार हाय. या म्हैन्यात.” मग वळून म्हणाले, “गट नंबर खोड. नुस्तं ‘एक खदान’ लिही. खोडलास का सही करतो.”

मी खोडला. विचार केला, रडले, झगडले असं काही नाही. लगेच खोडला. त्यांनी सही केली.

रानातून परत येताना आबा पुढं, मी मागं. माझ्या पोटात ते पाणी होतं, आणि मला वाटत होतं मीच आता विसावं मेंढरू. बांधावर आबा थांबले.

“तू पिलीस व्हय ते पानी?”

“सही पायजे व्हती आबा.”

“मी बी असाच रोग म्हन्लो व्हतो.” मग काठीनं खदानीकडं दाखवलं. “नंबर नसंल तर सोधायला कुनी येईल का तिथं?”

“नाय येनार.”

“मग लिही पुन्हा. सही त्यायची ऱ्हाऊ दे, नंबरापाशी नाव तुझं टाक. म्हंजी नंबर त्यायनी न्हाई, तू लिवला हे दिसंल, ज्याचं त्याच्यापाशी.”

“आन् तुमी? ते तुमाला रानात ठिवतील का?”

“वाडा आजच उठवतो. पैठणच्या अंगाला कुनाचं रान मिळंल.”

“भर थंडीत? आन् न्हाई मिळालं तर?”

आबांनी दोनदा मागं वळून काकासाहेबांच्या ओट्याकडं बघितलं, तेव्हा मला कळलं, हे भित्रेपण माझ्याकडं कुठून आलंय. वाड्यावर पोचताच त्यांनी मेंढरांभोवतीची जाळी सोडायला घेतली.

सोमवारी विद्यापीठात शिरताना दोन ठिकाणी पिशवी तपासली. फाटकाशी गुलालानं रस्ता लाल-निळा झालेला, पोरं-पोरी एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि त्यात एक म्हातारा नुसता रडत उभा होता. आत खिडकीतला कारकून छापील पावत्यांवरचं जुनं नाव काट मारून नवं नाव हातानं लिहीत बसला होता. त्याची बोटं शाईनं भरली होती.

माझा अर्ज बघून म्हणाला, “ही खोडाखोड कशाची, ताई? असा अर्ज बाजूला पडेल.”

“साहेब, जरा पेन द्या ना.”

पेन हातात घेतलं आणि बाहेर बुलेटचा आवाज झाला. कुणाची तरी होती, कुणाचीही असेल. मी खिडकीची कड धरली. खोडलेल्या जागेवर लिहिलं : गट नंबर ४७. शेजारी माझं नाव, वडलांच्या नावासकट : म्हाळसाबाई मल्हारी. सातचा आकडा वेडावाकडा आला.

“मालकाला विचारलंय ना हे?” कारकुनानं विचारलं.

“त्यांनी खोडायला सांगितलं होतं,” मी म्हणाले. “मीच लिहिलंय.”

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग अर्ज गठ्ठ्यात ठेवला आणि नवं नाव लिहिलेली पावती माझ्या हातात दिली. बारा जणांत मी असेन की नाही, माहीत नव्हतं. आबांना रान मिळालं का, तेही माहीत नव्हतं. सही करणाऱ्या माणसाला हे कळेल तेव्हा तो काय करेल, याचा विचारसुद्धा करवत नव्हता.

बाहेर झाडाखाली नळ होता. तहान लागली होती. मी ओंजळ भरली आणि आधी नाकाला लावली.