चंद्रकोर कुणी कापली

"पत्रा रडतोय," अपा पुटपुटल्या. ऐकू आलं फक्त मला.

सासूला आम्ही अपा म्हणतो. आम्ही दोघी दारात उभ्या होतो, माझी लेक बेरमेत कडेवर चुळबुळत होती, आणि अंगणात शहरातून आणलेला एर्मेक नावाचा कारागीर मामंजींच्या कबरीसाठी चंद्रकोर कापत होता. परवा त्यांच्या वर्षाचं जेवण. त्याआधी ती कबरीवर चढायला हवी.

पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. एर्मेकनं जाड नोझल लावलेलं, ऑक्सिजन भसाभसा सोडलेला, आणि गॅसनं कापायचा टॉर्च सरळ उभा धरलेला, जणू रेल्वेचा रूळच कापायचाय. ज्योतीपुढे फट पडायची, मागे वितळलेलं लोखंड पुन्हा चिकटून बसायचं. खालून मण्यांच्या माळा लोंबायला लागल्या. बघता बघता पत्रा तंदूरमध्ये विसरलेल्या नानसारखा वाकडा झाला. दुसरा घेतला. तोही गेला.

"दादाचा हात आता कुठून आणायचा!" उंच काका हळहळले. उंच काका म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. आमच्यात सुनेनं सासरच्या थोरांचं नाव उच्चारायचं नसतं, म्हणून आम्ही सुना अशी नावं पाडून घेतो. "अख्ख्या बालिक्ची गावात तसा काप कुणाचा नव्हता. कडेवरून बोट फिरवा, नखभर ओरखडा नाही."

"देवानं दिलेला हात होता," त्यांच्या शेजारी उभे असलेले इमाम म्हणाले.

माझ्या डोक्यात नुसती आग. मामंजींनी जन्मात टॉर्च पेटवला नव्हता! ते ट्रक चालवायचे. तळ्याकाठच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पातळ पत्रा कापला तो अपांनी. कारखाना बंद पडला आणि लोक कबरींसाठी चंद्रकोरी मागायला लागले. पण कबरीची वस्तू बाईच्या हातची कोण नेणार? म्हणून मागच्या खोलीत अपा कापायच्या, आणि मामंजी कपाळावर काळा चष्मा चढवून बाहेर नेऊन द्यायचे. माणूस वाईट नव्हता. अपांना चहा करून द्यायचे, सिलिंडर उचलू द्यायचे नाहीत. पण कुणी 'उस्ताद' म्हटलं की मान तुकवून हसायचे, हेही खरं. ते गेले आणि वर्षभरात एकही माणूस काम घेऊन आला नाही. उस्तादच नाही, तर येऊन काय करायचं! अपा तरी रोज सकाळी बारीक तारेनं नोझलची भोकं साफ करून ठेवायच्या.

"पत्राच भिकार आहे, काका," एर्मेक घाम पुसत म्हणाला. "जाड आणा, झटक्यात देतो."

"जाड चढवला तर पहिल्या वादळात खांबासकट खाली येईल. इथला वारा माहीत नाही तुला."

अपा पायऱ्या उतरल्या. "सरक बाळा."

"अहो आजी, भाजाल!"

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून भाजतेय."

त्यांनी सगळ्यांत बारीक नोझल बसवलं, ऑक्सिजन कमी कमी करत आणला, ज्योत सुईसारखी टोकदार झाली तेव्हा थांबल्या. मग टॉर्च इतका कलता केला की जवळजवळ पत्र्यावर निजवलाच. कड जराशी लाल झाली, आणि हात सरसर पुढे सुटला. कुठे रेंगाळणं नाही, मागे वळणं नाही. मी श्वास सोडायच्या आत चंद्रकोर खण्णकन खाली पडली.

एर्मेकनं ती चिमट्यानं पालथी केली. खाली एक मणी नव्हता. त्यानं अपांकडे पाहिलं आणि आपलं जाड नोझल खिशात घातलं.

"वा, वहिनी!" उंच काका हसले. "दादाचं बघून बघून तुम्हीही शिकलात की!"

"नवऱ्याचा हात उतरला हो तिच्यात," इमामांनी दुजोरा दिला.

अपांनी मान खाली घातली. इतकी वर्षं घालत आल्या तशीच. ती खाली गेलेली मान मला बघवेना.

"कुणाचा हात आणि कुणात उतरला?" माझा आवाज इतका चढला की बेरमेत रडायला लागली. "मामंजी ट्रक चालवायचे! ही सायरागुलनं कापली. तुमच्या त्या टेकडीवरच्या कबरींवर मिरवताहेत ना, त्या सगळ्या सायरागुलनं कापल्यात!"

इमामांनी वाकून चंद्रकोर उचलली.

"सुनेनं सासूचं नाव घेतलं?" उंच काकांचा चेहरा लालबुंद झाला. "तेही दादाच्या वर्षाला?"

त्यांना राग आला तो एवढ्याचाच! इमाम मात्र निवत आलेल्या चंद्रकोरीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"माझ्या आईच्या कबरीवरची?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीही," अपा म्हणाल्या.

इमामांनी खाकरून घसा साफ केला. "चला. ऊन उतरायच्या आत बसवू."

बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं. पुरुष चंद्रकोर जाजमात गुंडाळून घेऊन गेले. एर्मेकही गेला. फाटकाशी वळून उंच काका बजावून गेले, "हे बाहेर कुठे बोलायचं नाही."

अपा वाकून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करत होत्या.

"चुकले, अपा," मी म्हटलं. खरं तर मला तसं वाटत नव्हतं.

"मघाशी काय म्हणालीस?"

"म्हटलं ना, चुकले."

"ते नाही." व्हॉल्व्ह बंद झाला होता, तरी हात फिरतच होता. "नाव. माझी आई गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. पुन्हा घे बघू."

मी घेतलं. हळूच, बेरमेतला थोपटता थोपटता.

अपा सरळ झाल्या आणि मागे वळल्या, तळ्याच्या पलीकडून कुणी हाक मारावी तशा.