लोढण्याखालची चिंधी

"अगं, त्याच्या मानेला काचतंय म्हणून एवढा जीव टाकतेस, माझं कपाळ बघ की जरा!" तेकोल म्हणाला, तशा आजूबाजूच्या बाजारकरणी खिदळल्या. कपाळाला पट्टा अडकवून पाठीवर ओझी वाहणारा हमाल तो. कपाळावर कायमची खाच पडलेली.

शोकोने वर पाहिलंसुद्धा नाही. विकायला आणलेले मक्याचे गरम उंडे टोपलीत तसेच टाकून ती सोलिनच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्याखाली चिंधी सारत होती. स्वतःच्या झग्याचा निळा काठ फाडलेला. सोलिन गुलाम. जुगारात सगळं हरल्यावर त्याने स्वतःलाच विकलं होतं, आणि आज आळशी म्हणून मालकाने त्याला पुन्हा अस्कापोत्साल्कोच्या गुलामांच्या बाजारात उभा केला होता.

तेकोल मनातल्या मनात धुमसत होता. आपण कोणाचे बांधलेले नाही, कष्टाचं खातो, हिच्या टोपल्या फुकट वाहतो. आणि ही बया भाळली कोणावर, तर या ऐतखाऊवर! जळत होता मेला, सरळ सरळ जळत होता. त्या चिंधीवरसुद्धा.

"विकला की लांब जाईल तो. मग गं?"

"मग मीही जाईन. तुला काय त्याचं, दादा?"

दादा म्हणाली!

मालक गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला वळला आणि सोलिन सुटला. "पळाला, पळाला!" एकच कल्ला झाला. बाजारालगतच्या राजवाड्याचा उंबरा ओलांडला की गुलाम मोकळा, असा कायदाच होता. त्याला अडवावं फक्त मालकाने, नाहीतर मालकाच्या मुलाने. दुसऱ्या कोणी आडवं आलं, तर लोढणं त्याच्याच गळ्यात आणि गुलाम मोकळा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे जो तो हात वर करून बाजूला होत होता.

तेकोललाही ठाऊक होतं. पण पुढे उंबऱ्यापाशी धावत पोचलेली शोको हात पसरून उभी होती आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता, की त्याचं डोकंच फिरलं. त्याने पाय आडवा घातला.

सोलिन तोंडावर आपटला.

"अरे मुडद्या, काय केलंस हे!" मीठवाली म्हातारी ओरडली.

"पाय... पाय घसरला माझा," तेकोल पुटपुटला. बाजाराच्या पंचांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी सोलिनच्या गळ्यातलं लोढणं काढलं आणि तेकोलच्या गळ्यात अडकवलं. शोकोने सोलिनचा फुटलेला ओठ पुसला, त्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं निघून गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

चिंधी आतच राहिली होती, घामाने ओली. मानेला कुठेच काचत नव्हतं.