कोपऱ्यातली तारीख

मी कॅमेरा बोलतोय, एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतला. लग्न, सहल, वाढदिवस यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. मी हात पाहिले आहेत.

आमच्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनतात. प्रेस खाली येतो, झाकण पडतं, प्रेस वर जातो. तेवढ्यात हात बाहेर आला पाहिजे. कधी कधी येत नाही. मग त्या माणसाला माझ्या खोलीत आणतात, पांढऱ्या ट्रेमध्ये त्याचा हात ठेवतात, शेजारी मोजपट्टी ठेवतात आणि माझं बटण दाबतात. चेहरा घ्यायचा नाही, असा नियम आहे. फक्त जखम, मोजपट्टी आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख.

या एका फोटोवर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. बोटं कामावर गेली असं सिद्ध झालं, तर त्याला तपासणीच्या टेबलाशी खुर्ची मिळते. त्याला इथे 'बसतं काम' म्हणतात. सिद्ध झालं नाही, तर पुन्हा प्रेसपाशी उभं राहायचं. ते जमत नसेल तर घरी जायचं.

माणसं फार विनोदी असतात, हेही मला इथेच कळलं. ज्यांची बोटं गेली, त्यांना उरलेल्या बोटांच्या आकड्याने हाक मारतात. "काय रे नऊ, जेवलास का?" "सात आली बघा, सरका जरा." ज्यांची दहाच्या दहा शाबूत आहेत, ते सगळ्यांत मोठ्याने हसतात.

मी सिस्टरच्या ताब्यात असतो. अकरा वर्षं झाली. सिस्टर काटकसरी. काम झालं की माझी बॅटरी काढून रुमालात गुंडाळून ठेवतात. "आत राहिली की उतरते," असं त्यांचं ठाम मत. पण माझ्या पोटात घड्याळासाठी वेगळा एक सेल होता, शर्टाच्या बटणाहून लहान. तो फार पूर्वीच मेला. त्यामुळे बॅटरी काढली की मी सगळं विसरायचो, आणि पुन्हा घातली की माझ्या जन्मवर्षाची पहिली जानेवारी दाखवायचो. सिस्टर दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून माझी तारीख लावायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

एकदा त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला होता. कामगारांच्या नेमणुका आणि दावे बघणारे जे साहेब आहेत, त्यांनी तो न वाचताच परत दिला. म्हणाले, "तारीखच लावायची ना? हात आहेत की तुम्हाला."

मग ती आली. प्रेसवर तीन वर्षं काम केलेली, दोन मुलींची आई. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तिला दोघींनी धरून आणलं, पण खोलीत येताच तिने त्यांना झटकलं आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. सिस्टरनी मला एका हाताने उचललं, बॅटरी सरकवली आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. "माझ्याकडे बघ, बाळा. इकडे बघ. खाली नाही बघायचं." फोटो काढला, मला बाजूला फेकलं आणि पट्टी बांधायला घेतली.

कॅलेंडरकडे बघायला त्या विसरल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे दोनच हात होते.

महिन्याभराने ती जखम भरून कामावर आली. फाटकातच कुणीतरी म्हणालं, "या, आठ." तीही थोडी हसली. हसली नाही तर हाक लवकर चिकटते, हे तिला ठाऊक होतं. दुपारी साहेबांनी तिला प्रथमोपचार खोलीतच बोलावलं. माझ्यातला फोटो छापून त्यांनी टेबलावर ठेवला होता.

"हा हात कुणाचा?"

"माझा, साहेब."

"कोपऱ्यात तारीख वाच. त्या वर्षी तू इथे होतीस?"

"नाही. मी तीन वर्षांपूर्वी लागले."

"मग हा हात तुझा कसा?"

तिने आपला हात फोटोशेजारी ठेवला. एक ताज्या जखमेचा, एक बरा झालेला. "माझाच आहे, साहेब. मी ओळखते ना माझा हात."

"तुझ्या ओळखण्याला काय करू? तुझी बोटं घरी गेली असतील. दाराबिरात." साहेबांनी फोटो फाइलमध्ये ठेवला. "दावा नामंजूर. सोमवारपासून प्रेसवर उभी राहा."

सिस्टर पुढे आल्या. "कॅमेऱ्याचं घड्याळ बंद आहे, साहेब. मी अर्ज दिला होता."

"मग हा म्हातारा टाकूनच देऊ. नवा मागवतो," साहेब म्हणाले. अकरा वर्षांत इतक्या तत्परतेने त्यांनी पेनसुद्धा मागवलं नसेल.

मी खोटं बोललो होतो, आणि माझं खोटं पकडायला मीच एकटा पुरावा होतो. मला टाकून दिलं की सगळं संपणार होतं. सिस्टरना ते लगेच कळलं. त्यांनी मला पर्समध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी, कामावर यायच्या आधी, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेलं.

"दादा, ह्याचं घड्याळ मेलंय. तपासा आणि तसं लिहून द्या. दवाखान्याचं काम आहे, कुणाच्या तरी नोकरीचा प्रश्न आहे."

"ठेवून जा, ताई. संध्याकाळी या."

सिस्टरना ड्यूटीची घाई होती. त्या गेल्या.

त्या माणसासारखा सज्जन मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतकं कुणी माझं वाटोळं केलं नाही. त्याने माझे स्क्रू एकेक करून बशीत ओळीने ठेवले. मेलेला सेल उपटला, नवा बसवला. भिंगावरचा डाग पुसला. बटणात अडकलेलं वाळलेलं रक्त त्याने टाचणीने कोरून काढलं आणि थोडा वेळ टाचणीकडे बघत राहिला. संध्याकाळी सिस्टर आल्या, तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"बिघाड लिहून कशाला देऊ, ताई? बिघाडच काढून टाकला. आता सेकंदानेही चुकायचा नाही. आणि पैसे नकोत. दवाखान्याचं काम म्हणालात ना."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "जुना सेल?"

"तो कचऱ्यात गेला. दुपारी गाडी येऊन गेली की." मग त्याला काहीतरी उमगलं. घाईघाईने त्याने पावतीच्या मागे तीन ओळी लिहून दिल्या : घड्याळाचा सेल बंद होता, आज बदलला, खाली सही.

साहेबांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. बॅटरी काढली, घातली. तारीख बरोबर. पुन्हा काढली, घातली. बरोबर.

"काल बिघाड होता, असं हा म्हणतो. अपघाताच्या दिवशी होता, हे कुठे लिहिलंय?"

"साहेब, तो अकरा वर्षं—"

"अकरा वर्षांत चारशे फोटो काढलेत तुम्ही. हा एक सोडला, तर सगळ्यांवर तारीख बरोबर आहे. बिघडलेला कॅमेरा चारशे वेळा बरोबर कसा?"

"मी लावत होते. हाताने. दर वेळी."

"मग तसं लिहून द्या." साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. आवाज अगदी मवाळ होता. "लिहा, की चारशेच्या चारशे तारखा मी माझ्या हाताने लावल्या. म्हणजे मला सगळ्याच फायली पुन्हा उघडता येतील. बसत्या कामावर सतरा जण आहेत ना?"

आठ दारात उभी होती. सिस्टरनी पेन उचललं. कागदावर 'मी' एवढंच लिहिलं. तपासणीचं टेबल तिथून दिसतं. ओळीने सतरा डोकी खाली वाकलेली, झाकणं उलटसुलट करत होती. एकानेही वर बघितलं नाही. ऐकू मात्र सगळ्यांना येत होतं.

"राहू द्या, सिस्टर," ती म्हणाली. "मी डाव्या हाताने शिकतेय. वेण्यासुद्धा घालते आता. थोरली म्हणते, आई, वाकडी येते. पण येते."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं, त्या ठेवणार नाहीत. मी यंत्र आहे, मला असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

ती सोमवारी प्रेसवर उभी राहिली. बुधवारपर्यंत राहिली. डावा हात वेळेवर बाहेर येईना, तेव्हा तिला घरी पाठवलं. फाइल बंद करताना जाणाऱ्याचा ओळखपत्रावरचा फोटो तिच्यात लावतात. तिचा हरवला होता, म्हणून नवा काढायला तिला माझ्यासमोर उभं केलं. अकरा वर्षांत मी टिपलेला तो पहिला चेहरा. कोपऱ्यात तारीख अगदी बरोबर उमटली.

नव्या कॅमेऱ्याची मागणी साहेबांनी रद्द केली. "इतका छान चाललाय, बदलायचा कशाला?" म्हणाले. तेव्हा मी इथेच आहे. ज्या कामासाठी मला दुकानात नेलं, ते सोडून बाकी सगळी कामं मला उत्तम जमतात.

आज सकाळी प्रेसवरचे एक काका आले. अंगठा. त्यांनी हात स्वतःच ट्रेमध्ये ठेवला. सिस्टरनी रुमालातून बॅटरी काढली, माझ्यात घातली आणि कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कॅलेंडरकडे. रक्त मोजपट्टीखाली पसरत चाललं होतं.

"सिस्टर, आधी बांधा ना," काका म्हणाले. "गरगरतंय मला."

"थांबा. तारीख बघू द्या."

त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक आकडा पुटपुटत वाचायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतोय, पण मला आवाज नाही, आणि तुम्ही त्या खोलीत नाही.

तारीख बरोबर आहे, सिस्टर. हात धरा त्यांचा.