पॅसेजमधली खुर्ची

आवृत्ती ०.४. अडचण: कोणीही कोणाला गोळी घालत नाही.

नकाशेवालीने कपाळाला हात लावला. गोळीबाराच्या गेमसाठी तिने आत्याचं घर कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उभं केलं होतं, टेपने एकेक भिंत मोजून, चार महिने खपून. पाच विरुद्ध पाच. आणि पहिल्याच चाचणीत पाच जण अडगळीच्या खोलीत, पाच जण न्हाणीघरात, दारं लावून गप्प.

"शुक्रवारी परत खेळून बघू," साहेब म्हणाले. "पहिल्या मिनिटात गोळी सुटली नाही, तर हे घर गेममधून बाद."

आवृत्ती ०.५. बदल: ओट्यावर ग्रेनेड ठेवले. निकाल: आणायला कोणी गेलं नाही.

आवृत्ती ०.६. बदल: न्हाणीघराचं दार काढलं. निकाल: पाचही जण बादल्यांमागे.

गुरुवारी सकाळी ती लॅपटॉप बगलेत मारून आत्याकडे थडकली. आत्या नेहमीसारखी पॅसेजमधल्या खुर्चीत.

"अगं, हे माझंच घर की! आणि ओट्यावर काय सांडलंयस?"

"ग्रेनेड आहेत."

"आत्ता पुसलाय मी तो!"

"आत्या, सगळे लपूनच बसतात गं. काय करू?"

"बसणारच. इथून अडगळ, न्हाणीघर, स्वयंपाकघर, तिन्ही दारं दिसतात. जो बाहेर आला तो सापडला, दिलं त्याला काम. तुझे काका तीस वर्षं अडगळीत काय हौसेने बसलेत?"

आतून कोणीतरी खोकलं.

"मग खुर्ची काढून टाकू?"

"हात तर लावून बघ!" आत्या तरातरा उठली. खुर्ची कुर्रर्र करून किंचाळली, आणि त्याच क्षणी अडगळीतून काका सुसाट निघाले ते थेट गच्चीत.

नकाशेवाली बघतच राहिली. टेपने तिने सगळं मोजलं होतं, आवाज तेवढा राहिला होता! खुर्चीत कोणी आहे की उठलं, हे बिचाऱ्या खेळाडूंना कळणार कसं?

मग आत्याची अकरा वेळा उठबस झाली. माइक खुर्चीखाली.

"लोकांना वाटेल मीच जाड आहे," बाराव्या वेळेला आत्या बसूनच राहिली.

शुक्रवार. साहेब स्वतः खेळायला उतरले आणि ऐटीत खुर्चीत बसले. कुर्रर्र. सगळे गप्प. चौदा सेकंदांनी कंटाळून उठले. कुर्रर्र. दोन्हीकडून पावलं धडधडत आली, गोळ्या सुटल्या आणि साहेब पॅसेजमध्ये आडवे.

"राहू दे हे घर," साहेब पडल्या पडल्या म्हणाले.

आवृत्ती १.०. बदल:
खुर्ची कुरकुरते. दोष खुर्चीचा आहे, बसणारीचा नाही.
ओटा पुसला. ग्रेनेड आता खाली.
काकांच्या विनंतीवरून गच्चीचं दार नकाशात दाखवलेलं नाही.